दिवाळीपर्यंत मी सांभाळतो

पुंजाराम,

परवा तीर्थपुरीला तुझ्या पुण्यानुमोदनाला आल्तो. वंदना झाली, सगळे खाली बसले, आणि तुझे चुलते माझ्याकडं बघून म्हणाले, "रंगनाथराव, मिलमधी तुमी दोघं संगं होतात. दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. समोर कौसल्यावैनी बसल्या होत्या. त्यांच्या मागं मिलमधले हरीभाऊ आणि युसूफ, मान खाली घालून. हात जोडले आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, गडी गहिवरला. तसं नव्हतं रे. मला जे बोलायचं होतं ते भांडण होतं, आणि गेलेल्या माणसाशी चारचौघांत भांडता येत नाही. म्हणून घरी येऊन तुझ्याशी बोलत बसलोय.

भांडण तरी कशावरून? ब्रेकवरून. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसेल. दोन जाणती माणसं, लेकराबाळांची, आणि इतकी वर्षं एका क्रेनच्या ब्रेकवरून भांडतात.

मोठा दुष्काळ सरला, जालन्यात लोखंडाच्या मिला उभ्या राहायला लागल्या, तेव्हा तू जिनिंगमधून फिटर म्हणून आलास आणि मी नाशिककडून क्रेन शिकून. पहिल्याच दिवशी तू मला विचारलंस, "वर बसून काय दिसतं?"

"माणसांची टाळकी," मी म्हणालो.

"मंग जपून चालव. त्यातलं एक माझं हाय."

पण तुझं टाळकं खाली कधी दिसायचंच नाही. मी शेडच्या छपराखाली टांगलेल्या केबिनमध्ये, आणि तू माझ्याही वर, क्रेनच्या ट्रॉलीवर, मोटार आणि ब्रेकच्या संगतीत. खालची माणसं आपल्याला शेजारी म्हणायची. त्यांना ब्रेकचं कौतुक नव्हतं, असायचं कारण पण नव्हतं. ब्रेकचं काम साधं. मोटारीच्या शाफ्टवर लोखंडाचा ड्रम, भगुन्यासारखा. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन जबडे. मी हँडल ओढलं की विजेच्या जोरावर जबडे उघडतात आणि भार वरखाली होतो. हँडल सोडलं, किंवा लाईट गेली, की स्प्रिंगच्या जोरानं जबडे ड्रमला मिठी मारतात आणि भार जागच्या जागी लटकतो. लटकला पाहिजे. सगळा धंदा त्या मिठीवर चालतो.

उन्हाळ्यातल्या दुपारी ती मिठी ढिली व्हायची. भट्टीची धग वर चढायची, उचलठेव सारखी चालू, ड्रम तापून जायचा, आणि मी हँडल सोडल्यावरही भार वीतभर घसरून मग थांबायचा. वीतभर म्हणजे काय, हे केबिनमध्ये बसणाऱ्यालाच कळतं. मी ओरडायचो, तू पाना घेऊन चढायचास, स्प्रिंग आवळायचास, जबड्यांना आतून बसवलेली लायनर घासून साफ करायचास. दुसऱ्या दिवशी सगळं बराबर. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच.

मग मी साडूच्या घरच्या लग्नाला पुण्याला गेलो. साडू मला त्याच्या कारखान्यात घेऊन गेला आणि तिथं मी पहिल्यांदा डिस्क ब्रेक बघितला. ड्रम नाहीच. शाफ्टवर एक चपटी लोखंडी चकती, आणि तिला दोन बाजूंनी चिमटीत धरणाऱ्या पट्ट्या. चकती दोन्ही अंगांनी उघडी, फिरता फिरता वाऱ्यानंच थंड होते. तिथला ड्रायव्हर भार उचलायचा, सोडायचा, आणि भार भिंतीवरच्या चित्रासारखा थांबायचा. मला हेवा वाटला पुंजा. माणसाला दुसऱ्याच्या घराचा, बैलजोडीचा हेवा वाटतो. मला ब्रेकचा वाटला.

आल्या आल्या तुझ्या खोलीवर आलो. वैनी भाकरी करत होत्या. मी हातवारे करून सगळं सांगितलं.

"म्हणजे तवा," तू म्हणालास. "भाकरीच्या तव्याला चिमट्यानं धरायचं आन् त्याला टनावारी लोखंड लटकवायचं? रंगा, लग्नात काय खाऊन आलास तू?"

"तवा चुलीवरून उतरवला की थंड होतो. भगुनं किती वेळ तापलेलं ऱ्हातं, इचार वैनीला."

वैनींनी मान वर न करता सांगितलं, "दोन्हीनं बी हात पोळतो. जेवायला बसा."

ते भांडण तिथून सुरू झालं ते थांबलंच नाही. तुझं म्हणणं मला पाठ होतं. ब्रेक दगा देत नाही, माणूस त्याच्याकडं बघायचं सोडतो. तापलं की सगळंच सरकतं, तुझी डिस्क बी सरकंल, नवीन हाय म्हणून नाचू नको. तुझी ही एक खोड होती. ज्याला तू हात लावायचास ते तुझं होऊन जायचं. मग त्याला कुणी वाईट म्हटलेलं तुला खपायचं नाही. तो ड्रम तुझा झाला होता. त्याची उणीदुणी तू एकटा काढणार, मी काढली की तुला राग.

आणि तरी तुझ्या त्या खोडीनं माझं भलंच झालं. आष्टीला माझ्या घरी तू आल्तास, आठवतं? आईची शिवणाची मशीन बंद पडली होती. तू अंगणात बसून ती सगळी खोललीस, तेल घातलंस, चालू करून दिलीस. आईनं चहा दिला. चहा पिऊन तू उठलास आणि कप धुवायला हौदाकडं निघालास. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गावात तुला सांगायची गरज नव्हती, एवढंच. आई ओट्यावरून उतरली आणि तुझ्या हातातून कप घेतला. "ठेवा, मी धुते. पाव्हण्यानं कप धुवायचा नसतो." परतताना सायकलवर तू म्हणालास, "मशीनचा पट्टा जुना झालाय. पुढल्या टायमाला नवा आणतो." आणि आणलासही. आईला तू गेल्याचं कळलं तेव्हा तिनं त्या मशीनवर हात ठेवला आणि नुसती उभी राहिली.

मी तुझ्यावर खरा रागावलो तो शेठ शेडमध्ये आले त्या दिवशी. मी वरून उतरलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "शेठ, भार सरकतो. ब्रेक बदला. पुण्यात डिस्क मिळते." शेठनी तुझ्याकडं बघितलं. "काय रे पुंजाराम?"

"बराबर हाय शेठ. माझ्या हाताखालचा ब्रेक हाय."

शेठ हसले. "बघ रंगनाथ. फिटर बराबर म्हणतो, आन् तू घाबरून राह्यलास."

मी तुझ्याशी बोलणं टाकलं. जेवणाच्या सुट्टीत तू माझ्यासमोर येऊन बसायचास, मी तोंड फिरवायचो. शेवटी एक दिवस तू माझ्या भाकरीवर वैनींचा ठेचा ठेवलास. "राग गिळवत न्हाई तर ह्याच्यासंगं गीळ." मी हसलो. तिथं मी हसायला नको होतं असं आता वाटतं, पण तुझ्यावर रागावून राहणं कुणाला जमलंय?

पोळा झाल्यावर एक दिवस तूच मला वर बोलावलंस. मिल जेवणासाठी थांबली होती. तू जबडे उघडून ठेवले होतेस आणि ड्रम पुसून लखलखीत केला होतास. माझा हात धरून त्याच्यावरून फिरवलास. "नख अडकतंय का बघ."

अडकलं. एका ठिकाणी नाही, जागोजाग. तापून थंड, तापून थंड होऊन ड्रमला केसाएवढ्या भेगा पडल्या होत्या.

"कवापासून?" मी विचारलं.

"आजच दिसल्या." तुझा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. घरातलं कुणी दुखणाईत असावं तसा.

तू तसाच काळ्या हातांनी शेठच्या ऑफिसात गेलास, मी मागं. "ड्रम गेलाय शेठ. नवा ड्रम बसवून बी काम भागायचं न्हाई, उचल लई वाढली. रंगा म्हणतो ते मागवा." शेठ चांगल्या मनाचे निघाले, ताबडतोब हो म्हणाले. बाहेर आल्यावर मी तुझ्या पाठीवर थाप मारली तर तू झटकलीस. "ड्रम गेला म्हणालो. डिस्क चांगली हाय असं म्हणालो न्हाई."

पेटी पुण्याहून आली. आपण दोघांनी ती स्टोअरमध्ये उघडून बघितली. चकती, पट्ट्या, शाफ्ट जोडायचं नवं कपलिंग, सगळं भुश्यात ठेवलेलं. तू चकती उचललीस, बोटानं वाजवून बघितलीस आणि परत ठेवलीस. बसवायची तर मोटार सरकवावी लागणार होती, खालचा पाया नवा लागणार होता, म्हणजे मिल बंद ठेवावी लागणार. शेठ म्हणाले, मोठी ऑर्डर अंगावर आहे, दिवाळीला तसंही बंद राहतं, तेव्हा बसवू. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू बोललास.

"दिवाळीपर्यंत मी सांभाळतो शेठ."

भांडण हे आहे पुंजा. डिस्क आणि ड्रम राहू दे. तुला कुणी सांगितलं होतं सांभाळायला? भेगा तू दाखवल्यास, माझं नख तू फिरवलंस, आणि मग तूच ते ओझं आपल्या अंगावर घेतलंस. जणू तो ब्रेक नव्हता, म्हातारा बाप होता. मी तेव्हा विचारलं तर म्हणालास, "बंद ठेवली तर रोजंदारीवाल्यांनी काय खायचं सणाला?" ते ऐकून मी परत केबिनमध्ये चढलो. म्हणूनच जास्त राग येतो.

तू सांभाळत होतास हे खरं. रोज दोनदा चढायचास. मला सांगून ठेवलं होतंस, सलग उचलू नको, ड्रमला दम खाऊ दे. मी दम खाऊ देत होतो.

त्या दिवशी लोखंड लाटायचे रोल बदलायचे होते. अख्खा स्टँड, म्हणजे रोल बसवायचा तो लोखंडी सांगाडा, मी उचलून त्याच्या खड्ड्यावर आणला होता. खड्ड्यात हरीभाऊ आणि युसूफ बोल्ट साफ करत होते. मी त्यांना बाहेर यायला गाँग, म्हणजे क्रेनची घंटा, दिली. हरीभाऊनं हात वर केला, झालंच म्हणून. तेवढ्यात लाईट गेली.

मिलचा आवाज थांबला की कानात शीळ वाजते. त्या शांततेत मला साखळीचा बारीक कुरकुर आवाज आला आणि मी खाली बघितलं. स्टँड सरकत होता. थांबत नव्हता. हळूहळू, तापलेल्या गुळासारखा, खड्ड्याच्या तोंडाकडं. मी पायानं गाँग बडवत सुटलो, ओरडलो. हरीभाऊनं शिडी धरली. युसूफचा पाय बोल्टांच्या मधे अडकला होता, तो निघेना.

तेव्हा डोक्यावर तुझी पावलं वाजली. तू कधी चढलास मी बघितलंच नाही. मी केबिनच्या दारातून शिडीला हात घातला, वर यायला.

"रंगा! हलू नको तिथून! मेन स्विच बंद करून धरून बस. लाईट आली आन् शाफ्ट फिरला तर मी मेलो!"

मी मेन स्विच खाली ओढला आणि दोन्ही हातांनी धरून बसलो. तू सांगितलेलं काम तेवढंच होतं. बसायचं. वर तू जबड्याच्या दांड्यात पहार घालून अंगाचा सगळा भार टाकलास, हे मला दिसत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, की स्टँड थांबला. मग बोटभर सरकला. मग थांबला. तुझा कण्हण्याचा आवाज पत्र्यातून माझ्यापर्यंत येत होता. मी वर बघत होतो, खाली बघत होतो, आणि हातात एक बंद स्विच होता. आयुष्यात इतका निरुपयोगी माणूस मी दुसरा बघितला नाही.

हरीभाऊ परत खाली उतरला, युसूफच्या चपलेचा पट्टा कापला आणि त्याला काखेत धरून ओढून वर काढला. खालून कुणीतरी ओरडलं, "निघाले! सोडा!"

तू सोडलंस. किंवा तुझ्या हातांनीच सोडलं. स्टँड खड्ड्यात आदळला, सगळी शेड हादरली, आणि वर पहार वाजल्याचा आवाज आला.

मी चढलो तेव्हा तू मोटारीला टेकून बसला होतास. कुठं रक्त नव्हतं. पहार उलटून पोटावर बसली होती. "काय न्हाई," तू म्हणालास, "दम लागला. निघाले का दोघं?" मी हो म्हणालो. तू शिडीवरून स्वतःच्या पायांनी उतरलास, पुंजा. युसूफ तुझ्या पायाशी बसून रडायला लागला, तर तू त्याला म्हणालास, "अरे उठ, नवी चप्पल शेठकडून घे." सगळे हसले. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी तुझ्या पोटात कळा यायला लागल्या, टेम्पोत घालून तुला दवाखान्यात नेलं, तिथून औरंगाबादला. डॉक्टरांनी पोट उघडलं, जे करता येईल ते केलं. आतला मार होता, म्हणाले. मी सुट्टी घेऊन येत राहिलो. तू रोज थोडा थोडा पिवळा पडत गेलास आणि मी रोज संत्री आणत गेलो, जी तुला खायला मनाई होती. दुसरं काय आणतात ते मला माहीत नव्हतं.

शेवटच्या भेटीत तू बरा दिसत होतास. वैनी पाणी आणायला गेल्या तेव्हा हळूच म्हणालास, "रंगा, तिथं डिस्क असती तर काय झालं असतं?"

"झोप आता."

"ती बी सरकली असती," तू म्हणालास, आणि हसायला गेलास तर दुखलं म्हणून डोळे मिटलेस. "बघशील तू."

माझ्या ओठांवर उत्तर होतं. चकती तापत नाही, वाऱ्यानं थंड होते, मी बघून आलोय. पण दुखणाइताशी कुठं वाद घालायचा, बरा होऊन आला की घालू, असं म्हणून मी पाळीवर गेलो. दुसऱ्या दिवशी मिलच्या ट्रकवाल्यानं गेटवर निरोप आणला.

तीर्थपुरीला तुला नेलं तेव्हा वैनींनी मला एकच गोष्ट विचारली. कुणाला दोष देत नव्हत्या, त्यांना फक्त कळून घ्यायचं होतं.

"भावजी, तवा तुमी वर होतात का खाली?"

"मधी होतो वैनी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी मधेच होतो. वर तू, खाली ते दोघं, आणि मधे मी, स्विच धरून. युसूफची आई त्या दिवशी वैनींना पोटाशी धरून बसली होती. दोघींना एकमेकींची बोली नीट येत नव्हती. तरी त्या कितीतरी वेळ बोलत होत्या. युसूफ आता कामावर येतो, पण खड्ड्याकडं जात नाही. त्याला कुणी जा म्हणतही नाही.

तू गेल्यावर शेठनी मिल बंद ठेवली. दिवाळीची वाट बघितली नाही. पुण्याचा इंजिनियर आला, मोटार सरकवली, पाया घातला, पेटीतली चकती निघाली आणि शाफ्टवर चढली. ऑर्डर कुठं पळाली नाही. रोजंदारीवाल्यांना शेठनी घरी बसवून पगार दिला. हे सगळं होऊ शकत होतं, पुंजा. इतकं सहज होऊ शकत होतं. हे तुला सांगावं की नाही ह्याचाच मी विचार करत होतो. पण तुझ्यापासून लपवून काय करू?

काल चाचणी झाली. इंजिनियरनं नेहमीपेक्षा जड भार लावायला सांगितला आणि खालची सगळी जागा मोकळी केली. मी उचलला. हँडल सोडलं. गर्डर जरासा थरथरला आणि भार जागच्या जागी थांबला. मग त्यानं मुद्दाम लाईट बंद करायला लावली. शेड शांत झाली. खाली माणसं माना वर करून उभी होती.

"झालं, पास!" इंजिनियर ओरडला. "लाईट चालू करा, घ्या खाली."

"थांबा साहेब," मी वरून म्हणालो. "अजून थोडा वेळ बघू."

त्याला वाटलं, ड्रायव्हर घाबरट आहे. त्यानं मला बघू दिलं. मी समोरच्या भिंतीच्या विटेची एक रेघ धरली आणि भाराची खालची कड तिच्याशी लावून बघत बसलो. पुंजा, मी कधी कशासाठी नवस बोललो नाही, पण तिथं बसून मी मागत होतो. सरक. बोटभर तरी सरक. खाली कुणी नाही, कुणाला लागणार नाही. एकदा सरक, म्हणजे तो बोलला ते खरं ठरेल.

मान अवघडली तरी मी नजर काढली नाही. भार भिंतीवरच्या चित्रासारखा स्थिर होता. मग इंजिनियरनं लाईट चालू करायला लावली, आणि मी तो हळूच खाली टेकवला.